हिराजीभाऊ, तुम्ही कोणतं ऑइल घालत होतात?

हिराजीभाऊ, गाडीतलं ऑइल संपलं होतं.

तुमच्या उत्तरकार्यानंतरचा चौथा दिवस. शुक्रवार, दुपारचे बारा, कळंबोली सर्कलच्या अलीकडची रांग. दोन्ही बाजूंना कंटेनर आणि मधे आमची पांढरी गाडी. शेजारच्या सीटवर माझा नवरा प्रकाश, खारघरहून डायलिसिस करून परत येत असलेला, म्हणजे अर्धा माणूस. रांग थांबली, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि समोर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. झारीचं चित्र असलेला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, सोडला की पुन्हा लागायचा.

मी घाबरणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तळोज्याच्या कंपनीत लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली. ॲसिडचा कार्बॉय, तो मोठा काचेचा बुधला, फुटलेला पाहिला, माणसं पळताना पाहिली, मी आधी झडप बंद केली आणि मग पळाले. पण त्या दिव्याकडे पाहताना माझ्या तळहाताला असा घाम सुटला की स्टिअरिंग निसटायला लागलं.

प्रकाश डोळे मिटूनच म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही."

"मग श्वास का धरलायस?"

गाडी कशीबशी डावीकडे घेतली. एका कंटेनरवाल्याने खिडकीतून तोंड बाहेर काढून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. इंजिन बंद केलं. बॉनेट उघडून तुमच्यासारखी उभी राहिले आणि तेव्हा लक्षात आलं की तुमच्या गॅरेजमध्ये यायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत मी ऑइलची पातळी दाखवणारी ती पिवळ्या कडीची पट्टी एकदाही स्वतःच्या हाताने बाहेर काढलेली नाही. पाच मिनिटं थांबून काढली. ओढणीला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. टोक कोरडं. अगदी टोकाला एक काळा ठिपका, तोही मला हवा होता म्हणून दिसला असेल.

ही तीच गाडी, जिच्याबद्दल मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत आले होते की दोन लाख तीस हजार किलोमीटर झाले, अठरा वर्षं झाली, पण थेंबभर ऑइल खात नाही. आमच्या ज्युनियर मुली म्हणायच्या, "मॅडम, तुमचा मेंटेनन्सच तसा." मी मान हलवायचे. हो, माझा मेंटेनन्स.

त्या मेंटेनन्सची रीत तुम्हाला तोंडपाठ होती. सर्व्हिसच्या दिवशी ऑइलचा सीलबंद कॅन मी स्वतः आणणार, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच. सील मी तोडणार. तुम्ही ओतत असताना मी शेजारी उभी. आणि रिकामा झाला की तुमच्याच टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घेऊन मी त्या कॅनला तळाशी दोन भोकं पाडणार, म्हणजे त्यात कोणी नकली ऑइल भरून पुन्हा विकायला नको. पहिल्या वर्षी तुम्ही नुसते बघत राहिलात. दुसऱ्या वर्षापासून स्क्रूड्रायव्हर स्वतःच पुढे करायला लागलात. "घ्या मॅडम. पोस्टमार्टेम करून घ्या."

मी हसले नव्हते. मला तो विनोद वाटलाच नव्हता, सोय वाटली होती. तुमच्या गॅरेजमध्ये, तुमच्या तोंडावर, दरवर्षी मी तुम्हाला सांगत होते की तुम्ही चोर असू शकता. आणि तुम्ही मला त्यासाठी हत्यार पुरवत होतात. एखाद्या वर्षी तरी तो स्क्रूड्रायव्हर मी टेबलावरच ठेवायला हवा होता. ठेवला नाही. आता हे लिहून काय उपयोग, पण लिहिते.

कळंबोलीला त्या दिवशी मी दोन टॅक्सी मागवल्या, दोन्हींनी नाकारल्या. रिक्षा समोरून जात होत्या, पण रिक्षात प्रकाशला कोण बसवणार? डायलिसिसनंतर त्याचं बीपी पडतं, गुडघे वळत नाहीत, ब्याण्णव किलोचं वजन एका माझ्या खांद्यावर येतं. फक्त माझ्या आधाराने तो तुम्ही बसवलेल्या सीटवरच बसू शकतो.

त्या सीटचंही सांगायलाच हवं. डॉक्टरांनी डायलिसिस आठवड्यातून तीनदा म्हटल्यावर मी गाडी घेऊन तुमच्याकडे आले होते आणि विचारलं होतं की ही गाडी विकून उंच सीटची दुसरी घेऊ का. तुम्ही प्रकाशला म्हणालात, "सायेब, बसून दाखवा." तो बसताना दोनदा धडपडला. तुम्ही म्हणालात, "पुन्ना." तिसऱ्या वेळी मी चिडले. चार दिवसांनी बोलावलंत. सलूनच्या मोडक्या खुर्चीची फिरती तबकडी कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणून तुम्ही पुढच्या सीटखाली बसवली होती. सीट दाराकडे वळायची, प्रकाश पाठमोरा टेकायचा, आणि सीट पुन्हा आत.

"आरटीओवाल्यांनी विचारलं तर?" मी म्हणाले.

"सांगायचं, सीट हाय."

"आणि फिरते कशी विचारलं तर?"

"सांगायचं, सायेबांना पनवेल बघायचा हाय."

प्रकाश हसून हसून खोकायला लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला होता तो. मी दाराला धरून उभी होते, तोंड फिरवून. तुम्ही हात पुसत जवळ आलात आणि हळूच म्हणालात, "बाय, चालंल आता." एरवी मी तुमच्यासाठी मॅडम. 'बाय', घरच्या लेकीबहिणीला म्हणतात तसं, तुम्ही मला त्या एकाच दिवशी म्हणालात.

तर ही गाडी बंद पडली तर दुसरी नाही. इंजिन धरलं, म्हणजे ऑइलविना आतून जाम झालं, तर अठरा वर्षांच्या गाडीला नवं इंजिन कोणी बसवत नाही. दुसऱ्या गाडीत ती सीट बसवणारा माणूस नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातचा नंबर. एक दिवस चुकला तर प्रकाशच्या पायांवर सूज येते. दोन चुकले तर काय येतं, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं आहे.

त्या दिवशी पेट्रोल पंप शंभर पावलांवर होता. प्रकाशला काच खाली करून दिली, पाण्याची बाटली दिली आणि मी भर दुपारी हायवेच्या कडेने धावले. पन्नाशी ओलांडलेली बाई, पायात चपला. काचेच्या कपाटात चार प्रकारचे डबे. मी विचारलं, जुन्या पेट्रोल गाडीसाठी कोणतं आहे? तो पोरगेला माणूस मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "कोई भी डालो मॅडम, सब डालते हैं." ग्रेड वाचायला गेले तर चष्मा गाडीत. अकरा वर्षं मी ग्रेडवरून तुमच्याशी भांडले आणि त्या दिवशी हाताला लागेल तो डबा घेऊन पळत आले. फनेल नव्हतं. प्रकाशच्या महिन्याच्या रिपोर्टच्या फाइलचं पुठ्ठ्याचं कव्हर गुंडाळलं आणि त्यातून ओतलं. थोडं ओतून पट्टी बघायची, थोडं ओतून पट्टी बघायची. मधेच पुठ्ठा उलगडला, अर्धं ऑइल इंजिनावर सांडलं आणि धूर निघायला लागला. प्रकाश आतून म्हणाला, "नीला, गाडी पेटली असेल तर सांग, मी हळू उतरायला सुरुवात करतो."

दिवा विझला. घरी पोहोचलो. मी प्रकाशला झोपवलं आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बॉनेट उघडून उभी राहिले. गाडीखाली पुठ्ठा पसरला होता. त्यावर संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. म्हणजे गळती नव्हती. म्हणजे ही गाडी ऑइल जाळत होती. आणि आजची नाही, कित्येक वर्षं.

मग आजपर्यंत टोक कोरडं का पडलं नाही?

हे कोडं सोडवायला मला लॅबची गरज पडली नाही. उत्तर मी चहाबरोबर पीत आले होते. दर पंधरा दिवसांनी तुमचा फोन. "मॅडम, हवा बघायला आना." मी म्हणायचे, हवा पंपावर बघते. तुम्ही म्हणायचात, "पंपावरचा काटा खोटा हाय." मला वाटायचं, तुम्हाला गिऱ्हाईक धरून ठेवायचंय. गाडी लावली की तुम्ही मला मागे घरात पिटाळायचात. "आत जावा, हिनं चहा ठेवलाय." सुमनवहिनींचा तो चहा कधीच दहा मिनिटांच्या आत झाला नाही. दूध आटायचं, आलं सापडायचं नाही, एकदा तर त्या साखर आणायला शेजारी गेल्या. मी बाहेर येईपर्यंत बॉनेट बंद, तुम्ही टायरपाशी उकिडवे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तुमच्या घरी आले. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत अजून तोच वास, ग्रीस आणि तुमच्या अगरबत्तीचा. सुमनवहिनींनी मला बघितलं आणि पहिलंच वाक्य, "पकडलंत ना आमाला?"

मी म्हटलं, "वहिनी, किती वर्षं?"

"सात-आठ तरी. तुमी आत आलाव की ते अर्धा डबा रिकामा करायचे. मी मुद्दाम गॅस बारीक ठेवायचे."

"पण कोणतं? कोणतं ऑइल घालत होते?"

त्यांनी मला फळीपाशी नेलं. फळीवर सहा डबे होते, सगळे उघडे, सगळे अर्धेमुर्धे. तीन वेगळ्या ग्रेडचे. एकावर काहीच लिहिलेलं नाही. मी म्हटलं, कुठे वही, चिठ्ठी, काही? वहिनींनी मान हलवली. "लिवलेलं काय नाय. सगलं डोक्यात होतं त्यांच्या."

हिराजीभाऊ, खरं सांगते, कळंबोलीला मी घाबरले होते, पण त्या फळीसमोर मला जी भीती वाटली ती वेगळी होती.  त्या इंजिनात काय आहे ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. नमुना काढून लॅबमध्ये तपासता आला असता, पण मी त्यात आदल्याच दिवशी पंपावरचं कसलंतरी ऑइल ओतलेलं. सव्वीस वर्षं पोरींना शिकवते, आधी नमुना, मग काम. आणि नमुना मीच बिघडवून बसले होते. मी पट्टीवरचं ऑइल तुमच्यासारखं अंगठ्यावर घेतलं, बोटावर घासलं, वास घेतला. तुम्ही असं करून सांगायचात, "मेलेलं हाय," किंवा, "अजून दम हाय." मला बोटावर काळं काहीतरी दिसलं. बाकी काही कळलं नाही.

त्या शनिवारपासून मला सगळ्याचीच भीती वाटायला लागली. मिक्सरचा आवाज बदललाय का. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला अडखळते का. प्रकाशचं मशीन लावणारी ती हसरी मुलगी, ती मी बाहेर गेल्यावर काय करते? माझ्या आयुष्यात आणखी कोण कोण गुपचूप ओततंय, आणि मी माझा मेंटेनन्स म्हणून मिरवतेय? ते माणूस कधी आजारी पडेल आणि कोणत्या सिग्नलला मला ते कळेल?

आणि मी तुमच्यावर चिडले. अजून चिडलेली आहे. मला सांगितलं का नाहीत? सरळ सांगायचं, मॅडम, गाडी म्हातारी झाली, महिन्याला एवढं पिते. मी शिकलेली बाई आहे. मी तक्ता केला असता. तुम्ही आजारी पडलात, तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होतात, मी भेटायला आले होते. तुमच्या नाकात नळी होती. मी म्हटलं, "गाडी मस्त चाललीय, काळजी करू नका." तुम्ही हाताने काहीतरी खूण केली होती. अंगठा खाली, असं. मला वाटलं, स्वतःच्या तब्येतीबद्दल म्हणताय. मी म्हटलं, "असं नाही बोलायचं, बरे व्हाल." तुम्ही डोळे मिटलेत. तुम्ही मला पट्टी बघायला सांगत होतात का? तसं असेल, तर तुमची शेवटची सूचनाही मी ऐकली नाही. नसेल, तर मी आता तुमच्या मरणातही माझं इंजिन घुसवतेय. दोन्ही सारखंच वाईट.

वहिनींना मी हेच विचारलं. जरा जोरातच विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

त्या पदराने फळी पुसत होत्या. म्हणाल्या, "मी पन बोलले व्हते त्यांना. ते म्हनले, मॅडमला सांगितलं तर मॅडम घाबरंल. घाबरली तर गाडी चालवायची नाय. मग सायेबांना कोन नेनार?"

मी घरी आले. त्या दिवशी जेवले नाही.

रविवारी सकाळी गाडीचं पुस्तक काढून बसले. आपल्या भांडणाचं पुस्तक. मी दरवेळी पान दाखवायचे, "हे बघा, कंपनीने लिहिलंय, पातळ ग्रेड." तुम्ही म्हणायचात, "कंपनीनं नव्या गाडीचं लिवलंय. तुमची गाडी आजी झाली. आजीला दातांचं जेवन नको, मऊ भात द्या. इंजिन झिजलं की फटी वाढतात. त्यात जरा जाड ऑइल पायजे, ते टिकतं." मी म्हणायचे, "जाड ऑइल थंड इंजिनात वर चढायला वेळ लावतं." तुम्ही म्हणायचात, "मॅडम, पनवेलात थंड काय हाय? तुमी पुस्तक वाचता, गाडी नाय वाचत."

रविवारी मी त्या पानाच्या पुढचं पान उलटलं. पुढच्या पानावर तक्ता होता. कोणत्या हवामानात कोणती ग्रेड. माझी पातळ ग्रेड त्यात होतीच. आणि खाली, उष्ण प्रदेशासाठी, तुमची एक पायरी जाड ग्रेडही होती. कंपनीनेच दिलेली. अठरा वर्षं ते पान तिथंच होतं. मी पुस्तक वाचते म्हणून तुमच्याशी भांडले, आणि पुढचं पान मी वाचलेलं नव्हतं. प्रकाशला दाखवलं. तो तक्ता वाचून म्हणाला, "हिराजी असता तर काय म्हणाला असता माहितीय?"

"काय?"

"काहीच नाही. वहिनींना चहा ठेवायला सांगितला असता."

पण एवढ्याने प्रश्न सुटला नाही. आता मिसळलेलं सगळं काढून नवं घालायचं होतं आणि नेमकं तेच मला जमेना. पातळ घातलं तर पुन्हा जळणार. फार जाड घातलं तर जुन्या बारीक नळ्यांतून वरपर्यंत पोहोचेल का? बाजारात जास्त चाललेल्या गाड्यांसाठी म्हणून खास डबे मिळतात, रबराची सीलं मऊ ठेवतात म्हणे. ते घ्यावं का? मी दोन गॅरेजांत फोन केले, दोघांनी उलटसुलट सांगितलं. सोमवारी प्रकाशला जपत जपत, दर सिग्नलला दिव्याकडे बघत नेलं आणि आणलं. दुपारी घराजवळच, करंजाड्यातल्या एका नव्या गॅरेजमध्ये गेले. काचेचं ऑफिस, एसी, टॅब घेतलेला पंचविशीतला सल्लागार.

"काकू, गाडी खूप जुनी आहे. आधी इंजिन फ्लश मारू, आतला सगळा गाळ साफ. मग फुल सिंथेटिक. गाडी नव्यासारखी."

काकू ऐकून मी एरवी उठले असते. बसून राहिले. आतला गाळ. तुम्ही एकदा म्हणाला होतात की जुन्या इंजिनात गाळच काही ठिकाणी बूच होऊन बसलेला असतो. एकदम सोडवलात तर जाऊन जाळीत अडकतो, आणि ऑइल असून वर चढत नाही. पण तुम्ही असं बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणायचात आणि मी निम्मं ऐकायचे. हे नेमकं बरोबर आठवतंय की मला तसं आठवायचंय? माझ्या मांडीवर पर्स होती. ती मी इतकी आवळून धरली होती की चेनचे दात बोटात रुतले.

मी त्याला विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

"गावाला. का?"

"समज, परवा पहाटे तुझ्या आईला याच गाडीतून डायलिसिसला न्यायचंय. दुसरी गाडी नाही. गाडी रस्त्यात बंद पडून चालणार नाही. तर काय करशील?"

त्याने टॅब खाली ठेवला. बॉनेट उघडून बघून आला. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. परत आला तेव्हा आवाज खाली आलेला होता. "फ्लश नाही करणार मॅडम. गरम इंजिनात जुनं ऑइल उतरवेन, फिल्टर बदलेन, सिंथेटिक नाही, साधं मिनरल ऑइल घालेन, तुम्ही वापरता त्यापेक्षा एक पायरी जाड. आणि नेहमीच्या निम्म्या अंतरावर पुन्हा बदलेन. हळूहळू जेवढा गाळ येईल तेवढा येऊ दे."

"आणि थांबणार नाही याची खात्री?"

"ती नाही देऊ शकत."

तुम्हीही कधी दिली नव्हती. खात्री मागितली की तुम्ही टायरला लाथ मारून बघायचात.

मंगळवारी बदललं. मी सीलबंद कॅन नेला होता, एक पायरी जाड, तक्त्यातला. जुनं ऑइल खाली ट्रेमध्ये पडत होतं, डांबरासारखं, आणि मी त्याच्याकडे बघत होते. त्यात माझं होतं, तुमचं होतं, पंपावरचं होतं. आता कोणी वेगळं करू शकणार नव्हतं. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत एसीत बसा." मी म्हटलं, "नाही. मी इथेच उभी राहते. मला पट्टी कशी बघायची ते नीट दाखव." त्याने दाखवलं. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, पुसून, पूर्ण आत घालून, मग वाचायची. दोन खुणांच्या मधे. मी तीन वेळा केलं. तिन्ही वेळा ऑइल वरच्या खुणेच्या जरा खाली दिसलं. तिन्ही वेळा माझा विश्वास बसला नाही.

आज बुधवार. पहाटे पावणेसहाला उठून खाली आले, पट्टी बघितली. वर जाऊन प्रकाशला आणलं. सीट वळवली, तो टेकला, सीट आत घेतली, पट्टा लावला. किल्ली फिरवली. गाडी सुरू करताना लागतो तसा लाल दिवा लागला, आणि एरवीपेक्षा जरा उशिरा विझला. जाड ऑइल वर चढायला वेळ घेतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. तेवढ्या क्षणात माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

प्रकाशने विचारलं, "निघायचं ना?"

मी क्लच दाबून धरला होता.  मी म्हटलं, "थांब. जरा घाबरू दे मला."

तो थांबला. पार्किंगमध्ये वॉचमन पाणी मारत होता, त्याने नळी बाजूला घेऊन आमच्यासाठी वाट मोकळी केली.

हिराजीभाऊ, तुम्ही इंजिन ओळखलंत, मला नाही ओळखलंत. घाबरली तर चालवायची नाय, असं तुम्ही म्हणालात. मी घाबरले होते कळंबोलीला, घाबरले होते तुमच्या फळीसमोर, आज दिवा विझेपर्यंत घाबरले होते, आणि शुक्रवारी पुन्हा घाबरणार आहे. पहिला गिअर टाकला. सव्वासहाला आम्ही गेटबाहेर होतो, आणि सातच्या आधी प्रकाश मशीनवर होता.